साडेचार फुटांचा कोपरा

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार, नाशिक

दिवाळीचा फराळ संपला आणि भट्टीचा विषय पुन्हा निघाला. लेकीला पिझ्झा हवाय, मला पाव हवाय, आणि ह्यांना सुट्टीच्या दिवशी काहीतरी बांधायला हवंय. तिघांचं एकमत होण्याची वेळ आमच्या घरात क्वचित येते, म्हणून लगेच टेप घेऊन परसात गेले.

रो-हाउसचं परस ते केवढं असणार! आठ फूट रुंद, अकरा फूट लांब. त्यात ड्रेनेजचं चेंबर, धुण्याचा दगड, गीझरची गॅसची टाकी आणि कढीपत्ता. चेंबरवर बांधता येत नाही, टाकीजवळ आग नेता येत नाही आणि कढीपत्त्याला सासूबाई हात लावू देत नाहीत. उरला एकच कोपरा, आणि तो नेमका आग्नेयेचा. वास्तुशास्त्राचा अभ्यास असलेल्या नणंदेला फोनवर एवढंच सांगितलं. पुढचे सगळे प्रश्न आपोआप मिटले.

९ नोव्हेंबर, रविवार

आलेखाच्या कागदावर आखणी. भांडण पोटाच्या व्यासावरून. हे बेचाळीस इंचांवर अडून बसलेत, कारण बघितलेल्या सगळ्या व्हिडिओंत बेचाळीस होतं. त्या व्हिडिओंत मागे हिरवळ पसरलेली असते आणि एक कुत्रा पळत असतो.

मी हिशेब मांडला. आतला व्यास २८ इंच धरू. अग्निवीट अर्धी करून लावली तरी साडेचार इंचांची भिंत, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून ९. त्यावर सिरॅमिक ब्लँकेटचे एक-एक इंचाचे दोन थर, दोन्हीकडचे ४. त्यावर व्हर्मिक्युलाइटचा दीड इंच, दोन्हीकडचे ३. गिलाव्याचा अर्धा-अर्धा धरून १. बेरीज ४५. आत सव्वादोन फुटांच्या आसपास जागा मिळवायची तर बाहेरून पावणेचार फूट द्यावे लागतात. बेचाळीसची भट्टी बाहेरून एकोणसाठ झाली असती, मग कपडे वाळत घालायला आम्ही गच्चीतच राहायला गेलो असतो.

२८ इंचांत काय मावतं? बारा इंची पिझ्झा, शेजारी आठ-नऊ इंच विस्तव, आणि पिझ्झा फिरवायला थोडी मोकळीक. एका वेळी एकच. पण तो दीड मिनिटात होतो, मग दोन टाकून करायचंय काय?

ह्यांनी सुचवलं, भिंत तीन इंचांची करू, एकच ब्लँकेट घालू, आतली जागा वाढेल. इथे मी हटले नाही. जागा वाचवायची ती पोटातली वाचवायची, भिंतीतली नाही. वीट उष्णता साठवते आणि बाहेरचं पांघरूण ती जाऊ देत नाही. ह्या दोन्हींशिवाय भट्टी म्हणजे नुसती शेगडी. लाकूड जळत राहील, भिंत बाहेरून चटके देईल, आणि तळ काही तापायचा नाही.

संध्याकाळी दुसरा प्रश्न: तोंड कुठे? घुमटाच्या पुढे धुराड्याची कमान आणि पुढची सहा इंचांची फळी धरली, तर आठ फुटांच्या बाजूने सरळ ठेवल्यावर भट्टीसमोर उभं राहायला जेमतेम तीन फूट उरतात. हातात चार फुटांचा दांडा असणार. लांबीच्या बाजूने तोंड केलं तर ते धुण्याच्या दगडाकडे येतं. मग तिरकी ठेवून पाहिली, कोपऱ्यात पाठ टेकवून तोंड परसाच्या कर्णावर. समोर पावणेआठ फूट मिळाले! कागद तोच, परस तेच. ओट्याचा स्लॅब साडेचार फूट चौरस आणि पुढचा कोपरा छाटलेला. भट्टीला लागते त्याहून जास्त जागा तिच्यासमोरच्या माणसाला लागते, हे बहुतेक नकाशांत दाखवलेलंच नसतं.

१२ नोव्हेंबर

मिस्त्री येऊन पाहून गेले. कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. “ताई, तंदूर बसवून देतो ना, अर्ध्या दिवसात.” नको म्हटल्यावर, “मग ह्याला धुराडं वरून कुठे काढायचं?” म्हणाले. घुमटाला भोक नाही हे ऐकून त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

खोदाई. वरची काळी माती पूर्ण काढायची, ह्यावर मिस्त्री ठाम, आणि बरोबरच आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर दोन टनांचं ओझं ठेवलं तर दोन पावसाळ्यांत घुमट चिरेल. दोन टन हा माझा हिशेब. ओट्याच्या तीन भिंती, चार इंची स्लॅब आणि वर भट्टी. एवढं बिऱ्हाड एका कोपऱ्यात बसणार. दोन फुटांवर मुरूम लागला. बिगाऱ्याने काढलेली माती सासूबाईंनी कुंड्यांसाठी आधीच बुक केलेली.

कंपाउंडची पूर्वेची भिंत आमची आणि शेजारच्या काकूंची सामाईक. तिला चिकटवायचं नाही. अडीच इंचांचं अंतर ठेवलं, म्हणजे गरमीही जाणार नाही आणि पावसाचं पाणी अडकणार नाही.

१८ नोव्हेंबर

दगडी सोलिंग, पीसीसी झालं. तीन भिंती उभ्या राहिल्या, चौथी बाजू लाकडं ठेवायला मोकळी. भिंती अडीच फूट. वर स्लॅबचे चार इंच, तळाखालच्या इन्सुलेशनचे दोन, विटेचे तीन. म्हणजे भट्टीचा तळ जमिनीपासून ३९ इंचांवर. मिस्त्री म्हणत होते स्वयंपाकाच्या ओट्याइतका ठेवा. पण ओट्यावर आपण खाली बघतो, भट्टीत समोर बघावं लागतं. मी पाच फुटांची. ह्यांना थोडं वाकावं लागेल, त्यांना व्यायाम सांगितलेलाच आहे.

२० नोव्हेंबर

स्लॅब पडला. दहा दिवस पाणी मारायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

विटा आल्या. अग्निवीट म्हणजे नऊ इंच लांब, साडेचार रुंद, तीन जाड, रंग पिवळट. वजन चार किलोच्या आसपास, साध्या विटेपेक्षा चांगलीच जड. व्यापारी ‘आयएस-सहा’ आणि ‘आयएस-आठ’ असं विचारतात. हे भारतीय मानकांचे क्रमांक, सहा मध्यम उष्णतेची आणि आठ उच्च. आम्हाला सहाही चालली असती, कारण पिझ्झाची भट्टी म्हणजे काही लोखंड वितळवायची भट्टी नव्हे, पण हाताशी आठच होती. साधी लाल वीटही काही काळ चालते. मात्र रोज पाचशे अंशांपर्यंत तापून परत थंड होणं तिला सोसत नाही. पापुद्रे सुटतात, आणि ते पिझ्झावर पडतात.

दुकानदाराने पाठवलेल्या मालात पुष्कळ विटांचे कोपरे उडालेले. फोन केला तर म्हणे, “प्रवासात होतंच असं.” आम्हाला बहुतेक विटा अर्ध्याच करायच्या होत्या म्हणून भांडण गिळलं. चांगल्या निवडून तळासाठी वेगळ्या काढल्या. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाजाच्या बाजूला.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

भरीत-रोडग्याचा नैवेद्य. वांगी गॅसवरच भाजली. पुढच्या वर्षी विस्तवावर, असं देवाला सांगून ठेवलं.

दुपारी काका (काकूंचे यजमान) भिंतीवरून बोलले. हातात वर्तमानपत्र. “मुंबईत कोर्टाने बेकऱ्यांच्या लाकडी भट्ट्या बंद करायला लावल्या, आणि तुम्ही नवी बांधताय?” काकांना दमा आहे. विषय हसण्यावारी नेण्याचा नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने ह्या वर्षाच्या सुरुवातीला आदेश दिला आणि तिथल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून गॅस-वीज घ्यायला मुदत दिली. रोज पहाटे पेटणाऱ्या भट्ट्या, आणि लाकूड म्हणजे मोडक्या फर्निचरचं, रंगाचं, प्लायचं. तो धूर वेगळाच. आमची आठवड्यातून एकदा पेटणार, पण दमेकऱ्याच्या फुप्फुसाला आठवडा समजत नाही.

तेव्हा ठरवलं ते असं. लाकूड फक्त वर्षभर वाळलेलं, बाभळीचं. पाइप सहा इंच व्यासाचा, जमिनीपासून दहा फुटांवर नेलेला. आणि पेटवायची वेळ दुपारची. थंडीत नाशिकला सूर्य कलला की जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि धूर वर न जाता गल्लीत झोपतो. दुपारी तो उठून जातो. धूर खरा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच होतो, एकदा आग धरली की पाइपातून फक्त हवा थरथरताना दिसते. काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बघू.”

लाकडाचं आणखी एक. भावाची द्राक्षबाग आहे दिंडोरीकडे. एप्रिलच्या छाटणीच्या काड्या ढिगाने पडलेल्या, फुकट, कडक वाळलेल्या, आणि पेटतात झपकन. सगळे म्हणाले आण. मी नाही म्हटलं. द्राक्षावर वर्षभर फवारण्या चालतात, सालीवर बोर्डो मिश्रणाचा निळा थर डोळ्यांना दिसतो. ज्या आगीसमोर पीठ उघडं ठेवायचं, त्या आगीत तांबं आणि काय काय कशाला? बंबात घालायला ठीक.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

स्लॅबवर आधी कॅल्शियम सिलिकेटच्या दोन इंची पाट्या ठेवल्या. ह्यांच्या ओळखीच्या अंबडच्या औद्योगिक भट्टीवाल्याकडून आणलेल्या. खडूसारख्या पांढऱ्या आणि हलक्या. त्यावर फायरक्ले आणि बारीक वाळू पाण्यात कालवून पातळ थर, त्यावर तळाच्या विटा. सिमेंट नाही, माल नाही, नुसत्या एकमेकींना घट्ट लावून. उद्या एखादी फुटली तर काढून बदलता आली पाहिजे. शिवाय विटा तिरक्या मांडल्या, म्हणजे लोखंडी फावडी आत सरकवताना तिची धार सांध्यात अडकत नाही. एक वीट केसभर वर होती. मिस्त्रींनी तळवा फिरवून डोळे मिटून ओळखली, पातळीला ती दिसली नव्हती. काढून घासली, पुन्हा बसवली. ह्या माणसाबद्दलचा माझा आदर आज वाढला.

मग घुमट. तळाच्या मध्यबिंदूला एक सळई अशी बसवली की ती चहूबाजूंनी फिरते आणि वर-खालीही होते. टोकाला एल-पट्टी. प्रत्येक वीट त्या पट्टीवर टेकवली की ती मध्यापासून बरोबर १४ इंचांवर आणि मध्याकडेच तोंड करून बसते. ना लाकडी सेंट्रिंग लागतं, ना वाळूचा ढीग. मिस्त्री पहिल्या फेऱ्याला सळईकडे दुर्लक्ष करून ओळंब्याने चालले होते. दुसऱ्या फेऱ्यापासून भिंत आत झुकायला लागली, ओळंबा निरुपयोगी झाला, आणि त्यांनी सळई हातात घेतली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही. “डोकं चालवलंय हो कुणीतरी,” एवढंच म्हणाले.

माल: तीन भाग वाळू, एक भाग सिमेंट, एक भाग चुना, एक भाग फायरक्ले. सिमेंट सुरुवातीला पकड घेतं, म्हणजे वरचे फेरे घसरत नाहीत. भट्टी तापत गेली की तीनशे अंशांपुढे त्याची ताकद उतरत जाते. तोवर चुन्याने आणि मातीने जागा धरलेली असते. मिस्त्रींना चुन्याचं कौतुक. त्यांच्या गावाजवळच्या किल्ल्यावर दगडी चाकाची घाणी अजून आहे, तिच्यात चुना मळायचे. घमेल्यातला माल बोटांत घेऊन ते म्हणाले, “हा ऊन-पाऊस बघून शहाणा होतो. सिमेंट पहिल्या दिवशी जेवढं, तेवढंच.”

सिमेंट-चुन्याने हात फाटले. उद्या मोजे.

३० नोव्हेंबर, रविवार

दाराची कमान. आतून घुमट १४ इंच उंच, दार ९ इंच. ही उंची आवडीनिवडीची नाही. दार घुमटाच्या ६३ टक्क्यांच्या आसपास असावं असा जुन्या भट्ट्यांवरून बांधलेला अंदाज आहे. त्याहून उंच केलं तर छताशी फिरणारी गरम हवा पुढून निसटते, ठेंगणं केलं तर आगीला श्वास पुरत नाही. त्याच तोंडातून खालून गार हवा आत जाते, मागे विस्तवापर्यंत पोचते, छताला लागून पुढे येते आणि वरून बाहेर पडते. धुराडं म्हणून दाराच्या बाहेर, पुढच्या कमानीवर. घुमटाच्या डोक्याला भोक ठेवलं तर सगळी कमाई तिथूनच उडून जाईल. मिस्त्रींना हे मी चहा पिताना कपाला तळहाताने झाकून, वाफ कडेने कशी येते ते दाखवून समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण पटल्याचं तोंडावर नव्हतं. “पेटल्यावर कळेल.”

वीट कापणं म्हणजे ग्राइंडर, डायमंड ब्लेड आणि नरक. पाणी सोडत कापलं तरी धुरळा. नाकाला चांगला मास्क, नुसता रुमाल बांधून नाही. विटेतली सिलिका फुप्फुसात गेली की परत येत नाही. बिगारी पोरगा मास्क खाली ओढायचा, मी वर चढवायची.

७ डिसेंबर, रविवार

घुमट मिटला. वरच्या फेऱ्यांतल्या विटा एका बाजूला निमुळत्या कापाव्या लागल्या. शेवटच्या दोन फेऱ्यांना खालून लाकडाच्या खुंट्यांचा टेकू. मधली वीट मिस्त्रींनी तीनदा घासून बसवली, लाकडी हातोडीने हलकेच ठोकली. मग सगळ्यांनी आत डोकं घालून पाहिलं. आतून सांधे पातळ, नेटके. बाहेरून ओबडधोबड, विटांच्या चिपा भरलेल्या. पण बाहेरचं सगळं झाकलंच जाणार.

मिस्त्रींनी विचारलं, टिकेल किती? ह्यांनी सांगितलं पाँपेईचं. सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं गाव. खोदलं तेव्हा तिथे तीसहून जास्त बेकऱ्या निघाल्या, घुमटाच्या भट्ट्यांसकट. एका भट्टीत ऐंशीएक पाव तसेच होते, कोळसा झालेले. मिस्त्री क्षणभर थांबून म्हणाले, “म्हणजे गिऱ्हाईक आलंच नाही.”

गोणपाट ओलं करून पांघरलं.

११ डिसेंबर

गंमत. काल दिल्लीत लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक होती, आणि एकाच दिवशी आपली दिवाळी आणि इटलीची पाककला दोन्ही जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत गेल्या. नेपल्सच्या पिझ्झेवाल्यांची कला २०१७ मध्येच गेलेली आहे. लेकीने मेसेज पाठवला: “आपल्या परसात दोन्ही आहेत.” फराळाचा शेवटचा डबा तीच घेऊन गेली होती.

१४ ते २० डिसेंबर

भट्टी वाळवण्याचा आठवडा. लगेच मोठी आग घालायचा मोह सगळ्यांना होतो, आणि तिथेच चांगल्या चांगल्या भट्ट्या तडकतात. माल आणि विटांमध्ये अजून लिटरच्या लिटर पाणी आहे. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा मागते. हळू हाकललं तर सांध्यांतून निघून जाते, घाई केली तर वाट करून जाते.

रविवारी नुसते निखारे, शंभरच्या वर जाऊ दिलं नाही. सोमवारी दीडशेपर्यंत. बाहेरून विटांवर घाम आल्यासारखे ओले डाग. मंगळवारी दोनशे, पांढरी वाफ. बुधवारी तेवढंच, ह्यांना ऑफिसातून यायला उशीर. गुरुवारी अडीचशे. शुक्रवारी तीनशे, आणि मागच्या बाजूला केसासारखी एक चीर. मिस्त्रींना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: अंगठ्याचं चित्र. तशा चिरा येतातच, गरम झाल्यावर उमलतात, गार झाल्यावर मिटतात.

काका रोज गॅलरीत. खोकला नाही. “बाभूळ आहे होय,” म्हणाले आज.

२१ डिसेंबर, रविवार

पांघरूण चढवलं. सिरॅमिक ब्लँकेटचे दोन थर, मोजे, मास्क आणि लांब बाह्यांचे कपडे घालून. तंतू कातडीला खाजतात आणि श्वासात जाऊ नयेत. त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणून बांधली. त्यावर व्हर्मिक्युलाइट आणि सिमेंट, आठास एक. व्हर्मिक्युलाइट नर्सरीत मिळतं, रोपांच्या मातीत घालतात. नर्सरीवाला म्हणाला, “एवढं? किती झाडं आहेत तुमच्याकडे?” वरून चुन्याचा गिलावा थर्टी-फर्स्टपर्यंत.

३ जानेवारी २०२६, शनिवार

दुपारी अडीचला पेटवली. वर बारीक काटक्या, खाली जाड ओंडके, वरून काडी. अशी उलटी रचली की धूर कमी होतो, कारण खालून निघणारा धूर वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातो.

पहिल्या अर्ध्या तासात घुमट आतून काळाकुट्ट. मिस्त्री मुद्दाम आले होते, हाताची घडी घालून उभे. चारच्या सुमारास डोक्यावरचा काजळीचा एक भाग फिकट झाला, बशीएवढा. मग तो पसरत खाली येऊ लागला. मागून पुढे, वरून खाली, काळा रंग आपोआप पुसला जात होता आणि विटांचा पिवळट पांढरा उघडा पडत होता. वीट इतकी तापली की काजळीच जळून जाते. ‘घुमट पांढरा झाला’ म्हणजे भट्टी तयार. थर्मामीटरची बंदूक ५५० पर्यंतच दाखवते. छताकडे रोखली तेव्हा तिने हार मानली. बाहेर गिलाव्यावर तळहात ठेवला: कोमट. मिस्त्रींनीही ठेवला. मग वाकून दाराच्या वरच्या कडेने धूर कसा पाइपाकडे वळतो ते नीट पाहिलं. काही बोलले नाहीत, पण चहाचा कप मागितला आणि माझ्याकडे बघून त्याच्यावर तळहात ठेवला.

नेपल्सच्या पिझ्झेवाल्यांची १९८४ पासूनची संस्था सांगते, तळ ३८० ते ४३० अंश, भाजायला ६० ते ९० सेकंद. पीठ आमचं साध्या मैद्याचं, किलोला सहाशे ग्रॅम पाणी, मीठ, अगदी चिमूटभर यीस्ट, आणि फ्रीजमध्ये चोवीस तास. टोमॅटो पिंपळगावचे, कच्चेच कुस्करलेले. चीज ओलं नको, पाणी सुटतं.

तळ ४२० दाखवत असताना पहिला आत गेला. कड सेकंदात फुगली, वरचं चीज उकळायला लागलं, आणि वरचं सगळं सुरेख होईपर्यंत खालून कोळसा. ह्यात दोष विटेचा. अग्निवीट घट्ट, ती उष्णता झरझर पिठाला देते. नेपल्सवाले तळाला सोरेंतोच्या मातीच्या सच्छिद्र फरश्या वापरतात. त्या तेवढ्याच तापतात, पण देताना हात आखडता ठेवतात, म्हणून तिथे ४३० ला जमतं. आमच्या तळाला ३६० पुरे. विस्तव एका कडेला सारून झाडून घेतलं, दहा मिनिटं थांबलो, आणि मग बरोबर जमत गेले. खाली रवा टाकायचाही बंद केला, तो जळून कडवट लागतो. सुकी कणीक बरी, तीही झटकून.

काकूंना भिंतीवरून ताट दिलं. काकांनी कांद्याचा मागितला.

४ जानेवारी, रविवार

काल रात्री विस्तव ओढून दार लावलं, सागाची जाड फळी, आतून पत्रा मारलेली. सकाळी सातला बंदूक लावली: १९०. बारा तास काही न जाळता! भिंतीवरून झालेलं ९ नोव्हेंबरचं भांडण ह्यांना आठवतं का विचारलं. त्यांनी विषय बदलला.

१९० म्हणजे नानकटाई. सासूबाई काल रात्रीपासून तयारीत. त्यांच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत घरून मैदा, तूप, पिठीसाखर डब्यातून बेकरीत न्यायची. बेकरीवाला पत्रे द्यायचा, बायका-मुलं तिथेच ओट्यावर बसून गोळे वळायची, आणि आपले पत्रे दुसऱ्याच्यात मिसळू नयेत म्हणून कडेला चिठ्ठी. पाव निघाल्यावर जी धग उरायची ती अशी विकायची. “लाकूड त्याचं पावासाठी जळलेलं असायचं, आमचं काम फुकटच्या गरमीवर. पण पत्र्यामागे पैसे घ्यायचा चोख.” बोलताना त्या तूप फेसत होत्या, तळहाताने परातीत गोल गोल. पांढरं होऊन पाण्याच्या थेंबावर तरंगायला लागेपर्यंत थांबल्या नाहीत. पीठ मिसळलं, वेलदोडा, जायफळ. गोळ्याला अंगठ्याने दाबताना कडा तडकल्या पाहिजेत, न तडकल्या तर तूप जास्त. पंधरा-सोळा मिनिटांत निघाल्या. तळाशी बदामी, वर जवळजवळ पांढऱ्या.

नंतर दीडशेवर लेकीचा ब्रेड, शंभरावर टोमॅटोच्या फोडी वाळत. एका वेळच्या लाकडावर दुसरा दिवसभर. पिझ्झा हे भट्टीचं सगळ्यात दिखाऊ काम आहे, आणि सगळ्यात छोटं.

१३ जानेवारी, भोगी

बाजरीच्या भाकऱ्या तीळ लावून. तळावर थेट टाकल्या, पाण्याचा हात वरून. फुगतात खऱ्या, पण तव्यावरचा खमंगपणा येत नाही. सासूबाईंचा निकाल: भाकरी तव्याचीच. वांगी मात्र निखाऱ्यांत सोडली ती साल सोडेपर्यंत, आणि आतला गर धुराने भरलेला. भोगीच्या भाजीत नाही घालत तसं, तरी घातलं.

१८ जानेवारी, रविवार

मिस्त्री आणि पत्र्यावाला. जूनच्या आधी छप्पर हवंच, व्हर्मिक्युलाइट पाणी पितं आणि भिजलेली भट्टी पेटवली की पुन्हा वाफेची तीच कथा. पत्रा भट्टीच्या कडेपुढे नऊ इंच यायला हवा, पण पूर्वेला अडीच इंचांवर काकांची हद्द. पत्र्यावाल्याने पत्रा आपल्या बाजूला उतरता करून पन्हळ बसवायचं सुचवलं, पाणी चेंबरकडे. काका भिंतीवरून ऐकत होते. ते म्हणाले, पत्रा माझ्याकडे आला नऊ इंच तर काय झालं, फक्त पन्हळीचं पाणी माझ्या पेरूला द्या. आणि काकू आतून ओरडल्या, पुढच्या रविवारी सकाळची भट्टी मला पाहिजे, बिस्किटांचं पीठ मी भिजवतेय. पत्र्यावाल्याला दोन्ही मापं लिहून दिली आहेत. दर उद्या सांगणार.